१४० ठिगळांची गोधडी : रंग जुळवण्याच्या नोंदी

९ मार्च, सांगली

आजीची ट्रंक काल माळ्यावरून खाली काढली. आईसाठी गोधडी शिवायची आहे आणि ती पावसाळा लागायच्या आत व्हायला हवी. आमच्याकडे गोधड्या उन्हाळ्यातच शिवायच्या. रानातली कामं कमी असतात, कापड धुतलं की तासाभरात वाळतं आणि दुपारी सोप्यात दोघीतिघींना मिळून बसता येतं. आजीच्या हातच्या कितीतरी गोधड्या मी अंगावर घेतल्या. कोणत्या रंगाशेजारी कोणता लावायचा हे ती कसं ठरवायची, ते मात्र तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. म्हणून या खेपेला काय ठरवलं, का ठरवलं आणि कुठे बदललं ते रोजच्या रोज लिहून ठेवणार आहे.

ट्रंकेत निघालं ते असं. आजीचं आमसुली सुती लुगडं, वापरून लोण्यासारखं मऊ झालेलं. मोरपंखी इरकल, पदर विरलेला पण अंगाचं कापड धड. काळी चंद्रकळा, तीही इरकलच, लाल काठाची. मोहरीच्या रंगाची बारीक चौकडीची नारायणपेठ. आजोबांची दोन धोतरं. चोळीचे न शिवलेले दोन खण, गुळेदगुड्डचे. आईच्या लग्नातलं हळदीचं पांढरं पातळ, हळदीच्या डागांसकट. आणि सगळ्यात वर मावशीची राणी रंगाची पॉलिस्टरची साडी. ती तिने पहिल्या पगारात घेतली होती.

मावशीला इचलकरंजीला फोन केला. म्हणाली, “घालणार असशील तर दिसेल अशी घाल. आत भरायला नको.” म्हणजे ही साडी वरच येणार. हे पहिल्याच दिवशी पक्कं झालं.

११ मार्च

सगळी कापडं जमिनीवर शेजारी शेजारी पसरली. काळा, आमसुली, मोरपंखी, मोहरी, धोतराचा साईसारखा पांढरा. रंग म्हणून बघितलं तर यांचं एकमेकांशी काही नातं नाही. तरी पाचही एका घरातले दिसतात. राणी रंग तेवढा वेगळा पडतो आणि नजर फिरून फिरून त्याच्यावरच जाते.

बराच वेळ बघत बसले तेव्हा कारण लक्षात आलं. पाचही कापडं सुती आहेत, एकाच दगडावर धुतली गेली, एकाच तारेवर वाळली. वर्षानुवर्षं त्यांना तेच ऊन लागलं. काळ्यात थोडा तपकिरी उतरला आहे, मोरपंखीत राखाडी, आमसुलीवर राखेची झाक. नवीन असताना हे रंग कदाचित एकमेकांशी भांडले असते. वापराने सगळ्यांचा भडकपणा सारखाच खाली आला आणि त्यामुळे ते जुळले. पॉलिस्टरचं तसं नाही. त्यात रंग धाग्याच्या आत शिरून बसतो, धुण्याने आणि उन्हाने सहसा हलत नाही. मावशीची साडी इतक्या वर्षांनीही दुकानातून आणल्यासारखी आहे.

जुन्या गोधड्यांचे रंग इतके छान का दिसतात याचं निदान अर्धं उत्तर मला इथे मिळालं. आजीची नजर चांगली होतीच, पण कापडानेही तिला साथ दिली होती.

पहिला नियम लिहून ठेवते: रंगांची नावं बघण्याआधी भडकपणा बघायचा. सारख्या भडकपणाचे दोन परके रंग जुळतात. कमीजास्त भडकपणाचे दोन सख्खे रंगसुद्धा जुळवायला अवघड जातात.

१४ मार्च

रंग सुटतो का ते बघितलं. प्रत्येक कापडाचा कोपरा ओला केला, त्यावर पांढरं फडकं ठेवलं आणि गरम इस्त्री दाबली. आमसुली, मोरपंखी, मोहरी, राणी, सगळे ठीक. चंद्रकळेचा काळाही पक्का. तिच्या लाल काठाने मात्र फडक्यावर गुलाबी पट्टा उमटवला.

हा काठ माझ्या मनात पक्का होता. गोधडीच्या चारही बाजूंनी तीन इंची पट्टी लावायची तर २५ फूट लागतात आणि ९ वारी लुगड्याचा एक काठ २७ फुटांचा असतो. अगदी मापात बसत होतं. म्हणून चार बादल्या पाण्यातून काढला. चौथ्या बादलीतही पाणी गुलाबी. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं मीठ घाल, पक्का होईल.” मीठ घालूनही बघितलं, फरक पडला नाही. मिठाचा उपयोग सुती कापड रंगवताना होतो, पाण्यातला रंग कापडाकडे ढकलण्यासाठी. एकदा रंगवून झालेल्या कापडातला सुटा रंग ते धरून ठेवत नाही.

काठ बाजूला ठेवला. धोतराचे पांढरे चौकोन पहिल्याच धुण्यात गुलाबी झाले असते आणि त्यातून गोधडी परत आणता आली नसती. जुन्या कापडात काम करणाऱ्या प्रत्येकीने हे आधी करून घ्यावं. विशेषतः सणावारालाच नेसलेल्या लुगड्यांचं, कारण ती फारशी धुतलेलीच नसतात.

२० मार्च

आजचा दिवस हळदीच्या पातळात गेला. आईची इच्छा की ते मधोमध यावं. डाग फार सुंदर आहेत, कुठे गडद, कुठे बोटांच्या ठशासारखे फिके.

पण हळदीचा पिवळा उन्हात टिकत नाही. सांगलीत हे वेगळं सांगायला नको, इथे हळदीचा बाजारच आहे. उन्हात वाळत घातलेल्या कापडावरचा हळदीचा डाग संध्याकाळपर्यंत निम्मा होतो, हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. शिवाय साबण लागला की तो लाल होतो. कुंकू होतं तेही असंच, हळदीला चुन्यासारखं अल्कधर्मी काही लावून. हळदीकुंकवाच्या वाट्या इतक्या वेळा हातात घेतल्या, पण हे दोन रंग एकाच मुळातून येतात हे आज पातळाच्या कडेला साबणाचं बोट लावून बघेपर्यंत मनात नीट उतरलं नव्हतं. पिवळं कापड डोळ्यांसमोर विटकरी लाल झालं.

एक पट्टी कापून खिडकीत लावली आहे, अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून. महिन्याभराने बघेन.

२३ मार्च

माप ठरलं. मधला भाग ५ फूट बाय ७ फूट. ६ इंची चौकोन, म्हणजे आडवे १० आणि उभे १४, एकूण १४०. शिवणीसाठी चारही बाजूंनी पाव इंच माया, म्हणून साडेसहा इंची कापायचे.

मांडणी चौकटीत चौकट. बाहेरच्या फेरीत ४४ चौकोन बसतात, त्याच्या आत ३६, मग २८, मग २० आणि अगदी मध्ये १२. आजीच्या गोधड्यांचा धावदोराही असाच कडेकडेने सुरू होऊन आत आत जायचा. रंग आणि टाका एकाच वाटेने गेले तर बरं दिसेल असं वाटलं.

कोणता रंग किती घ्यायचा त्याचा पहिला बेत असा. बाहेरच्या फेरीत काळे १८ आणि आमसुली २६. दुसरीत मोरपंखी २४ आणि आमसुली १२. तिसऱ्या-चौथ्या फेरीत मिळून धोतराचे ४२ आणि त्यात विखुरलेले राणी ६. मध्ये नारायणपेठचे पिवळे १२.

राणी सहाच, हे ठरवताना अजिंठा आठवला. शाळेच्या सहलीत बघितलेली ती चित्रं गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना अशा साध्या रंगांत आहेत. निळा तेवढा लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला, आणि तो ठरावीक लेण्यांतच आणि जपून वापरलेला. मातीच्या रंगांच्या मध्ये तो थोडासाच येतो, म्हणून लांबूनही लक्ष वेधतो. जोरकस रंग थोडा असला तरी पुरतो. तो वाढवला की बाकीचे दबून जातात.

२९ मार्च

चौकोन कापून झाले आणि जमिनीवर मांडले. बाहेरची फेरी बघून मन खट्टू झालं. चंद्रकळेचा काळा आमसुलीशेजारी ठेवला की काळा दिसतच नाही, मळकट दिसतो, धूळ बसल्यासारखा. तोच चौकोन उचलून मोरपंखीशेजारी ठेवला की काळा वाटतो. कापड तेच, उजेड तोच.

या गोष्टीला जुना इतिहास आहे. मिशेल यूजेन शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगकामाचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की काळ्या धाग्याला रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्या शेजारी तो फिका दिसतो. शेव्रलने काळा रंग तपासला तर तो उत्तम होता. दोष होता शेजारच्या रंगांचा. एखाद्या रंगाकडे बघताना डोळा त्याच्या विरुद्ध रंगाची छटा शेजाऱ्यावर टाकतो. त्याने यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १८३९ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलं.

मी घरच्या घरी करून बघितलं. आमसुली चौकोनाकडे अर्धा मिनिट टक लावून बघायचं आणि मग नजर धोतरावर न्यायची. धोतरावर हिरवट चौकोन तरंगतो. हाच हिरवट पडदा काळ्यावर पडत होता. चंद्रकळा आधीच थोडी तपकिरी झालेली, त्यात हिरवट मिसळला की ती मळकी दिसणारच. मोरपंखीच्या बाबतीत उलटं होतं. तो काळ्यावर तांबूस छटा टाकतो आणि काळ्याला ऊब येते. लाल काठाची चंद्रकळा इतकी का शोभायची असाही विचार मनात आला. पण तो काठ आता माझ्याकडे नाही.

फेऱ्या बदलल्या. बाहेर काळे १८, मोरपंखी २४ आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत आमसुली २. कुठेही दोन काळे शेजारी नाहीत. दुसरी फेरी पूर्ण आमसुली, ३६. आतल्या बाजूला काळ्याची आमसुलीशी एक कड लागतेच, पण आता उरलेल्या बाजूंनी त्याला मोरपंखीचा आधार आहे. आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “आता लुगडं ओळखू येतंय.”

२ एप्रिल

फोनवर मांडणीचा फोटो काढला आणि तो काळा-पांढरा केला. रंग निघून गेले की उजळ काय आणि गडद काय एवढंच उरतं. हे मला सगळ्यात उपयोगी पडलेलं साधन आहे. डोळे किलकिले करून बघितलं तरी जमतं, पण फोटो शेजारी ठेवून तुलना करता येते.

दोन गोष्टी दिसल्या. मोरपंखी आणि आमसुली फोटोत जवळजवळ एकाच राखाडीचे आले. रंगीत बघताना हे दोन इतके वेगळे की मी कधीच मानलं नसतं. पहिल्या दोन फेऱ्या त्यामुळे लांबून एकच रुंद चौकट वाटतात आणि जवळ आलं की दोन होतात. हे मला आवडलं, तसंच ठेवणार.

दुसरं आवडलं नाही. मधला पिवळा आणि धोतराचा पांढरा फोटोत एकजीव झाले. पिवळा हा मुळातच उजळ रंग. पांढऱ्याशेजारी तो कितीही पिवळा असला तरी कड हरवते. बसून बघितलं तर पिवळा दिसतो, उभं राहून बघितलं की मध्यभाग कुठे सुरू होतो तेच कळत नाही. लाल पाटीवर पिवळी अक्षरं लांबून वाचता येतात आणि पांढऱ्या पाटीवरची येत नाहीत, तेच हे. वारल्यांनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रंही यामुळेच अंधाऱ्या खोलीत उठून दिसतात. तिथे रंग दोनच, पण गडद आणि उजळ यांच्यात अंतर भरपूर आहे.

उपाय खणात मिळाला. खणाचे उभे धागे गडद निळे आणि आडवे लाल, म्हणून कापड हलवलं की कधी जांभळं तर कधी तांबूस दिसतं. त्याची अर्धा इंची पट्टी मधल्या भागाभोवती वरून टाचायची. मधला भाग १ फूट बाय ३ फूट, म्हणजे ८ फूट पट्टी. एका खणात निघते. टाचणीने लावून पुन्हा फोटो काढला. मध्यभाग लगेच उभा राहिला. अर्ध्या इंचाने इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

दुपारचा सगळा वेळ मी तो खण उन्हात इकडून तिकडे दुमडत बसले होते. दोन रंग एकाच कापडात राहतात आणि एकमेकांना मारत नाहीत. तुकडे शेजारी ठेवल्यावर जे जमत नाही, ते धागे एकमेकांत विणल्यावर जमतं. धागे इतके बारीक की डोळा त्यांना वेगळं काढू शकत नाही, तो त्यांचा तिसराच रंग करून घेतो. हे पुढे धावदोऱ्याच्या वेळी लक्षात ठेवायचं आहे.

७ एप्रिल

राणी.

धोतराच्या फेऱ्यांमधले सहा राणी चौकोन बघवत नाहीत. पांढऱ्यावर ते सहा दिवे लावल्यासारखे दिसतात आणि बाकी १३४ चौकोन त्यांच्यामागे जातात. एकदा वाटलं, मावशीला समजावून साडी आत भरावी. मग तिचा आवाज आठवला आणि फोन परत खाली ठेवला.

एक चौकोन हातात घेऊन प्रत्येक रंगाशेजारी धरून बघितला. मोरपंखीशेजारी दोन्ही रंग थरथरल्यासारखे होतात, कड बघवत नाही. पिवळ्याशेजारी जत्रेतला मंडप. काळ्यावर आणखी भडक. आमसुलीशेजारी तो पहिल्यांदा शांत झाला. दोघांचं मूळ एकच, लाल-जांभळ्याच्या बाजूचं. आमसुली त्याच वाटेवर बराच खोल गेलेला. काळ्या-पांढऱ्या फोटोतही दोघांमधलं अंतर कमी आहे, पांढऱ्याशी असलेल्या अंतरापेक्षा खूपच कमी. त्यामुळे डोळ्याला उडी मारावी लागत नाही.

सहा राणी दुसऱ्या फेरीत गेले, सहा आमसुली निघाले. आजोबांच्या दुसऱ्या धोतरातून आणखी सहा चौकोन कापले. आता दुसरी फेरी आमसुली ३० आणि राणी ६, तिसरी-चौथी मिळून पूर्ण धोतर, ४८.

जागा मुद्दाम सारख्या अंतरावर ठेवल्या नाहीत. एका लांब बाजूला तीन, दुसऱ्या लांब बाजूला दोन, पायथ्याला एक. सारख्या अंतरावर ठेवले तेव्हा डोळा ते मोजत बसत होता. असे विखुरल्यावर ते लुगड्यावर पडलेल्या बोगनवेलीच्या पाकळ्यांसारखे दिसतात.

१३ एप्रिल

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारीत झालं, डाव्याचं अजून व्हायचं आहे. आज ती मांडणी बघायला खुर्ची घेऊन बसली आणि एकेक डोळा झाकून बघायला लागली. “या डोळ्याने धोतर पांढरं दिसतंय. या डोळ्याने साय.” मग मोरपंखीकडे बोट करून म्हणाली, “हे इथून निळं आहे, इथून नुसतं गडद.”

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्या बाजूचा उजेड अडतो. ऑपरेशनमध्ये ते भिंग बदलतात, म्हणून निळे-हिरवे एकदम उजळतात. मी महिनाभर माझ्या डोळ्यांनी रंग जुळवत होते. गोधडी आईची आहे आणि निदान आणखी काही महिने ती दोन वेगवेगळ्या डोळ्यांनी ती बघणार आहे.

तिच्या डाव्या डोळ्यासाठी काय बदलावं याचा विचार केला. काही बदलायची गरज नाही असं निघालं. गडद आणि उजळ यांचं अंतर आम्ही आधीच भरपूर ठेवलं आहे आणि ते पिवळ्या भिंगातूनही टिकतं. नुसत्या निळ्या आणि काळ्याच्या फरकावर मांडणी उभी असती तर डाव्या डोळ्याला ती मिटलेली दिसली असती. वयस्कर माणसासाठी काही करताना नाजूक फिक्या छटांच्या भरवशावर राहू नये, हे आज आईकडून शिकले.

१९ एप्रिल

बाहेरच्या पट्टीसाठी कापड आणायला गेले. डाळिंबी हवा होता, गेलेल्या काठाची आठवण म्हणून. मोरपंखी, काळा, आमसुली असे तीन चौकोन पिशवीत घेतले होते. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली एक डाळिंबी सुती इतकं अचूक बसलं की पाऊण मीटर कापून घेतलं. घरी अंगणात उघडलं तर ते केशरीकडे झुकलेलं, आमसुलीशेजारी पार परकं.

आजी साडी घेताना ती दुकानाच्या दारात नेऊन बघायची. मलाही माहीत होतं आणि तरी मी घाई केली. दोन कापडं वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असली तर एका उजेडात ती सारखी दिसतात आणि दुसऱ्यात वेगळी. दिव्याचा उजेड सूर्यासारखा भरलेला नसतो, त्यात काही रंग कमीजास्त असतात.

दुसऱ्या दुकानात गेले, मालकांना विचारून तीन तागे दारात आणले. पहिल्यांदा उन्हात, मग सावलीत, मग आत येऊन. तिन्ही ठिकाणी जो डाळिंबीच राहिला तो घेतला. पहिलं कापड आता अस्तराच्या आतल्या थरात जाईल. रंग पक्का आहे, फडक्याने तपासलं.

२२ एप्रिल

खिडकीतली हळदीची पट्टी काढली. पुठ्ठ्याखालचा भाग जसाच्या तसा पिवळा, उघडा भाग जवळजवळ पांढरा. मधली रेघ सुरीने कापल्यासारखी.

आईला दाखवली. ती बराच वेळ पट्टी हातात धरून होती. मग आम्ही ठरवलं, हळदीचं पातळ आतला थर म्हणून घालायचं, मधल्या पिवळ्या चौकोनांच्या बरोबर खाली. तिथे उजेड पोचत नाही. धुताना साबण आतपर्यंत जाईल आणि काही डाग लाल होतील, हेही तिला सांगितलं. “होऊ देत,” ती म्हणाली, “कुंकूच होईल ना.”

२५ एप्रिल

दोऱ्याचा रंग. एका हातभर तुकड्यावर सगळ्या रंगांचे चौकोन जोडून चार दोऱ्यांनी धावदोरा घालून बघितला, एक बोट अंतर सोडून.

पांढरा दोरा गडद रंगांवर पेरलेल्या तांदळासारखा दिसतो, धोतरावर नाहीसा होतो. सुंदर आहे, पण गोधडीचे दोन भाग पडतात. काळ्याचं बरोबर उलटं. लाल सगळीकडे दिसतो आणि सगळीकडे बोलतो. बदामी मात्र गडदावर उजळ आणि पांढऱ्यावर गडद दिसतो, दोन्हीकडे सौम्यपणे. सगळ्या रंगांमधून तोच एक दोरा गेला की सगळ्यांत त्याचा थोडा थोडा अंश मिसळतो. बदामी पक्का.

राणीसाठी एक वेगळी गोष्ट केली. खणाने शिकवलं होतं तसं. राणी चौकोनांवर बदामी ओळींच्या मधल्या जागेत आमसुली दोऱ्याची आणखी एक ओळ घातली. टाके बारीक आणि जवळ जवळ. चार पावलं मागे गेलं की दोरा वेगळा दिसत नाही, राणीचा भडकपणा तेवढा उतरतो. इतक्या वर्षांच्या धुण्याने जे झालं नाही ते काही अंशी टाक्याने झालं. जवळून मात्र मावशीची साडी ती मावशीचीच.

४ मे

चौकोन जोडून झाले. थर घातले: खाली अस्तराला जुनं मऊ लुगडं, मध्ये डाळिंबी कापड, हळदीचं पातळ आणि दोन चादरी, वर १४० ठिगळं. कच्ची शिवण घातली. काकू रोज दुपारी दोन तास येतात.

१६ मे

तीन फेऱ्या झाल्या. मान दुखते. रंगाबद्दल नवीन काही नाही, फक्त एवढंच की टाके पडले की प्रत्येक चौकोनाला बारीक सुरकुत्या येतात आणि प्रत्येक सुरकुतीची सावली पडते. सगळेच रंग अर्धी छटा गडद झाले. धोतराला याचा सगळ्यात जास्त फायदा झाला, ते आधी सपाट वाटत होतं.

३० मे

मध्यापर्यंत पोचलो. खणाची पट्टी पक्की केली. पट्टीवर धावदोरा घातला नाही, दोन्ही कडांनी लपवलेला टाका घातला. दोऱ्याने त्याचं ऊन-सावलीसारखं बदलणं मोडलं असतं.

९ जून

सकाळपासून झड लागली आहे. गोधडी पूर्ण झाली ती कालच, कडक उन्हात. आज ढगाळ उजेडात पसरली तर वेगळीच. मोरपंखी पुढे आला आहे, डाळिंबी पट्टी मागे गेली. संध्याकाळी दिवा न लावता बसून बघत राहिले. आधी डाळिंबी काळी झाली, मग आमसुली, राणी विझला. मोरपंखी बराच वेळ राखाडी-निळा होऊन दिसत होता, आणि सगळ्यात शेवटी धोतर. मंद उजेडात लाल आधी जातो आणि निळा-हिरवा टिकतो, हे १९व्या शतकात पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने नोंदवलं होतं. मला ते गोधडीच्या कडेला बसून दिसलं.

पावसाळाभर ही गोधडी अशीच उजेडात असणार. मार्चच्या उन्हात मांडलेली मांडणी जूनच्या उजेडातही टिकली, याचं मला फार समाधान वाटलं.

१४ जून

मावशी आली. पिशवीही खाली न ठेवता पलंगाशी गेली आणि आपले चौकोन मोजायला लागली. पाच सापडले. सहावा पायथ्याला आहे, आमसुलीच्या मध्ये, आमसुली टाक्यांखाली. तिने दोनदा मोजलं. आईने डावा डोळा झाकला, वाकून बोट ठेवलं आणि म्हणाली, “हा बघ.”

आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तेव्हा धोतराच्या चौकोनांचा रंग तिला पुन्हा विचारायचा आहे.